उसन्या स्मृतीचा उत्तरभाग : ‘स्टार ट्रेक इंटू डार्कनेस’ आणि पुनरारंभाची समस्या

१

दीर्घ कथामालेचा उत्तरभाग हा स्मृतीवर जगणारा रचनाप्रकार आहे. पूर्वभाग ज्याने पाहिला वा वाचला त्याच्या मनात पात्रांचा, त्यांच्या परस्परसंबंधांचा आणि त्यांनी सोसलेल्या हानीचा एक साठा तयार असतो. उत्तरभाग त्या साठ्यावर आपली उभारणी करतो. चित्रपटव्यवसायात ज्याला ‘रीबूट’ असे नाव पडले आहे तो पुनरारंभ मात्र नेमकी उलट मागणी करतो. पात्रांची नावे तीच, परंतु त्यांच्यावर साचलेला इतिहास पुसून टाकावयाचा, हा त्याचा करार होय. मग पुनरारंभाचा उत्तरभाग कोणत्या स्मृतीवर जगतो? नव्याने सुरू झालेल्या कथेने निर्माण केलेली स्मृती तोकडी असते. जुन्या कथेची स्मृती समृद्ध असते, पण करारानुसार ती पुसलेली असते. जे. जे. एब्रम्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्टार ट्रेक इंटू डार्कनेस’ (२०१३) हा चित्रपट या पेचाचे ठळक उदाहरण म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. त्याची बलस्थाने आणि त्याचे दोष ही दोन्ही या एकाच पेचातून उद्भवलेली आहेत.

उम्बेर्तो एको यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात पुनरावृत्तीवर आधारलेल्या कथनप्रकारांचे वर्गीकरण केले आहे. यशस्वी कथेतील पात्रांकडे परतून त्यांचे पुढे काय झाले हे सांगणे हा त्यांपैकी एक प्रकार. सांगून झालेलीच कथा पुन्हा सांगणे हा दुसरा. प्रस्तुत चित्रपट एकाच वेळी हे दोन्ही करू पाहतो. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’चा तो पुढचा भाग आहे आणि १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’चे पुनर्कथनही आहे. हे दोन हेतू परस्परांना पूरक ठरतात की परस्परांचा घास घेतात, हा येथील कळीचा प्रश्न होय.

२

या प्रश्नाला एक इतिहास आहे. जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत एन. बी. सी. या वाहिनीवरून १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. तिचे ७९ भाग झाले. फेब्रुवारी १९६७ मध्ये दाखविला गेलेला ‘स्पेस सीड’ हा त्यांतील एक भाग. कॅप्टन कर्कच्या ‘एंटरप्राइझ’ या यानाला अवकाशात भरकटलेले एक जुने यान आढळते. त्यात शीतनिद्रेत ठेवलेली माणसे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुप्रजननाच्या प्रयोगांतून घडविलेले हे अतिमानव १९९६ मध्ये पृथ्वीवरून निसटलेले असतात. त्यांचा नेता खान नूनियन सिंग याने दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत राज्य केलेले असते. यानावरील इतिहासतज्ज्ञ स्त्री त्याला पाहताच तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा असा तर्क करते. पुढे ती त्याचे पगडी घातलेले चित्रही रंगविते. ‘खान’ आणि ‘सिंग’ यांची मोट भारतीय कानाला चमत्कारिक वाटते आणि ही भूमिका केली ती मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटाल्बान यांनी. या पात्राचे भारतीयत्व प्रारंभापासूनच दुरून कल्पिलेले होते, हे मान्य करावयास हवे. तरीही १९६७ च्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर बुद्धी, बल आणि राजस्वीपणा यांत गोऱ्या नायकाच्या वरचढ ठरणारा पुरुष आशियातून आलेला दाखविणे ही गोष्ट अर्थशून्य नव्हती.

या भागाचा शेवट विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. खान यान बळकावण्याचा प्रयत्न करतो, कर्कला जिवे मारू पाहतो आणि अखेर पराभूत होतो. त्यानंतर कर्क रीतसर सुनावणी भरवितो. खान समोर उभा असतो. कर्क आरोप मागे घेतो आणि खानपुढे एका निर्जन, खडतर पण जगण्याजोग्या ग्रहावर स्वतःचे राज्य उभारण्याचा पर्याय ठेवतो. खान तो पत्करतो. या ग्रहावर रुजलेल्या बीजातून शंभर वर्षांनी काय उगवलेले असेल, अशा आशयाचे कुतूहल स्पॉक शेवटी व्यक्त करतो.

निकोलस मेयर दिग्दर्शित ‘द रॅथ ऑफ खान’ (१९८२) हा या कुतूहलाला पंधरा वर्षांनी मिळालेला जबाब होय. शेजारचा ग्रह स्फोटात नष्ट झाल्याने खानचा ग्रह वैराण झाला आहे, त्याची पत्नी मरण पावली आहे आणि या साऱ्या काळात कर्कने एकदाही मागे वळून पाहिलेले नाही. कथेत लोटलेली पंधरा वर्षे प्रेक्षकांच्या आयुष्यातही लोटली होती. कर्क आता चष्मा लावतो, वाढदिवशी खिन्न होतो. मृत्यूला आपण नेहमी चकवीत आलो, सामोरे कधी गेलोच नाही, याची जाणीव त्याला होऊ लागली आहे. चित्रपटाच्या अखेरीस यान वाचविण्यासाठी स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरतो आणि काचेपलीकडून मित्राचा निरोप घेतो. हा मृत्यू प्रेक्षकांच्या मनाला भिडला, कारण त्यामागे ७९ भागांचा सहवास होता. पुढे ‘द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) या चित्रपटात स्पॉक परत येतो, परंतु त्यासाठी कर्कला आपला मुलगा आणि आपले यान ही दोन्ही गमवावी लागतात. पुनरुज्जीवन त्या कथाविश्वातही शक्य होते. फुकट मात्र नव्हते.

३

२००९ च्या पुनरारंभाने हा सारा इतिहास कौशल्याने बाजूला ठेवला. भविष्यकाळातून आलेला नीरो इसवी सन २२३३ मध्ये एका यानावर हल्ला करतो आणि तेथून काळाला नवी फांदी फुटते. जुनी कथा खोटी ठरत नाही. ती दुसऱ्या फांदीवर नांदत राहते. वृद्ध स्पॉकच्या रूपाने लेनर्ड निमॉय यांना नव्या फांदीवर आणून जुन्या प्रेक्षकाला दिलासाही देण्यात आला. या रचनेची एक अट होती : २२३३ च्या आधीचे सारे दोन्ही फांद्यांना समान आहे, नंतरचे सारे नव्याने मिळवावयाचे आहे.

‘इंटू डार्कनेस’चा पूर्वार्ध ही अट प्रामाणिकपणे पाळतो आणि तेथेच त्याचे बळ दिसते. २००९ च्या चित्रपटात कॅप्टन पाइक तरुण कर्कला त्याच्या वडिलांची आठवण देऊन डिवचतो : ते केवळ बारा मिनिटे कॅप्टन होते, पण तेवढ्यात त्यांनी आठशे जीव वाचविले. २०१३ च्या चित्रपटाच्या आरंभी कर्क नियम मोडून ज्वालामुखीतून स्पॉकचा जीव वाचवितो आणि वर अहवालात खोटे लिहितो. तेव्हा हाच पाइक त्याला सुनावतो, की नियम आपल्याला लागू नाहीत असे तो समजतो, ज्या खुर्चीवर तो बसतो तिचा मान त्याला कळलेला नाही आणि नशिबालाच तो कर्तृत्व समजून बसला आहे. लवकरच पाइक मारला जातो. मरणाऱ्या पाइकच्या मनाशी स्पॉक क्षणभर आपले मन जोडतो. पुढे आपण भावना का नाकारतो याचे जे स्पष्टीकरण तो देतो, त्यात या अनुभवाची धग आहे. या साऱ्या दुव्यांसाठी १९६७ वा १९८२ ची गरज नाही. नव्या कथेने आपली स्मृती स्वतः कमावली आहे.

याहून मोठे बळ चित्रपटाच्या नैतिक प्रश्नात आहे. लंडनमध्ये स्फोट घडविणारा ‘जॉन हॅरिसन’ शत्रूच्या ग्रहावर पळून जातो. ॲडमिरल मार्कस कर्कला ७२ क्षेपणास्त्रे देऊन आज्ञा करतो, की सीमेवरूनच ती डागून त्या माणसाला ठार करावे. खटल्याविना एखाद्याला मृत्युदंड देणे अनैतिक आहे, असे स्पॉक स्पष्टपणे बजावतो. आत काय आहे हे न सांगितलेली शस्त्रे यानावर घेण्यास अभियंता स्कॉट नकार देतो आणि राजीनामा देतो; आपण संशोधक आहोत की सैनिक, असा त्याचा सवाल आहे. सूडाने पेटलेला कर्क वाटेत मन बदलतो आणि त्या माणसाला पकडून पृथ्वीवर न्यायासनासमोर उभे करण्याचा निर्णय जाहीर करतो. परक्या भूमीवर दुरून डागलेल्या अस्त्राने, आरोप सिद्ध न करता माणसे मारावीत काय, हा सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेपुढील खराखुरा प्रश्न होता. त्या घटनेनंतर लढलेल्या सैनिकांना चित्रपट अर्पण केलेला आहे, ही बाबही येथे ध्यानात घ्यावी. लोकप्रिय मनोरंजनाच्या चौकटीत हा प्रश्न इतक्या थेटपणे मांडला जाणे, आणि नायकाने सूडाऐवजी न्यायप्रक्रियेची निवड करणे, हे या संहितेचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

४

दोष सुरू होतात ते एका नावापासून. पकडला गेलेला हॅरिसन आपले खरे नाव सांगतो : खान. रचनेच्या दृष्टीने हा चित्रपटाचा मध्यबिंदू आहे. प्रसिद्धीच्या काळात निर्मात्यांनी हे नाव कसोशीने लपविले होते. तसे करण्याऐवजी ते आधीच सांगितले असते तर शहाणपणाचे ठरले असते, अशी कबुली एब्रम्स यांनी २०१३ मध्येच दिली. परंतु खरी अडचण प्रसिद्धितंत्राहून खोलवर आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात जिचे विवेचन केले ती ओळख पटण्याची घटना, म्हणजे संस्कृत नाट्यपरंपरेला परिचित असलेले अभिज्ञान, पात्रांच्या बाबतीत घडावे लागते. अंगठी पाहून दुष्यंताला आठवते. प्रेक्षकाला ते आधीपासूनच ठाऊक असते. येथे नेमके उलट झाले आहे. ‘खान’ हे नाव ऐकून कर्कला काहीच आठवत नाही, कारण या फांदीवर ते दोघे कधी भेटलेलेच नाहीत. नाव उच्चारले जाते ते कर्कसाठी नव्हे, प्रेक्षागृहासाठी. अभिज्ञानाचा सारा थाट आहे, पण ओळखणारा कथेच्या आत कोणीच नाही.

ही उणीव संहितेलाही जाणवली असावी. तरुण स्पॉक वृद्ध स्पॉकशी संपर्क साधतो आणि खान कोण होता असे विचारतो. तुमच्या नियतीत ढवळाढवळ करणार नाही अशी आपली प्रतिज्ञा आहे, असे म्हणून वृद्ध स्पॉक ती तेथल्या तेथे मोडतो आणि खान हा अत्यंत धोकादायक शत्रू होता हे सांगतो. नव्या संहितेने जुन्या संहितेला हाक मारून आपल्या खलनायकाचे वजन विचारून घ्यावे, असाच हा प्रसंग आहे. जे कृतीतून सिद्ध व्हावयास हवे ते येथे साक्षीने सिद्ध केले जाते.

उत्तरार्धाचा कळस म्हणजे कर्कचा मृत्यू. १९८२ चा प्रसंग उलटा करून येथे कर्क किरणोत्सारी कक्षात शिरतो आणि स्पॉक काचेबाहेर उभा राहतो. काचेवर टेकलेले हात तेच, संवादांची वळणेही तीच. वस्तुतः या मृत्यूसाठी चित्रपटाकडे स्वतःची सामग्री होती. वडिलांची बारा मिनिटे, पाइकने केलेली कानउघाडणी, नशिबावरचा माज उतरणे, या सूत्रांतून कर्कचे आत्मार्पण अपरिहार्य आणि त्याचे स्वतःचे ठरले असते. परंतु ऐन क्षणी संहिता या कमावलेल्या स्मृतीकडे पाठ फिरविते आणि उसनी स्मृती पुढे करते. या फांदीवरील कर्क आणि स्पॉक यांची ओळख कथेतील काळानुसार जेमतेम वर्षभराची आहे. त्यांच्या तोंडी पंधरा वर्षांच्या मैत्रीचे शब्द येतात. त्यानंतर स्पॉक ‘खान’ अशी किंकाळी फोडतो. १९८२ मध्ये ही किंकाळी कर्कची होती, ती स्पॉकच्या मृत्यूच्या पुष्कळ आधी आलेली होती, आणि सुटकेची योजना मनात तयार असल्याने तिच्यात हुलकावणीचाही अंश होता. दोन निराळ्या क्षणांची येथे एकच मोळी बांधल्यामुळे दोहोंचा अर्थ हरवला आहे.

मृत्यूनंतर काही मिनिटांतच खानच्या रक्ताने कर्क जिवंत होतो. या उपायाची पूर्वतयारी संहितेने केलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आरंभीच्या लंडनमधील प्रसंगात याच रक्ताने एक आजारी मुलगी बरी होते, आणि पुढे मॅकॉय ते एका मृत प्राण्यावर वापरून पाहतो. यंत्रणा तयार होती. किंमत तयार नव्हती. १९८४ मध्ये परत येण्याचे मोल मुलगा आणि यान यांनी चुकविले होते. येथे कर्क काहीच गमावत नाही. खानने सॅन फ्रान्सिस्को शहरावर पाडलेल्या यानाखाली जे चिरडले गेले, त्यांच्या वाट्याला वर्षभरानंतरच्या एका भाषणापलीकडे काही येत नाही.

उसनवारीचा आणखी एक परिणाम खानच्या चेहऱ्यावर दिसतो. ही भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या इंग्रज अभिनेत्याने केली आहे. त्यांचा थंड, धारदार अभिनय ही चित्रपटाची जमेची बाजू आहे, पण प्रश्न अभिनयाचा नाही. खान १९९६ मध्ये पृथ्वी सोडून गेलेला आहे. म्हणजे तो २२३३ पूर्वीच्या, दोन्ही फांद्यांना समान असलेल्या भूतकाळाचा रहिवासी आहे. पुनरारंभाच्या स्वतःच्या नियमानुसार ज्याचा चेहरा बदलता येत नाही अशा पात्रांत तो मोडतो. मग उत्तर भारतातून आलेला खान गोरा इंग्रज कसा झाला? चित्रपट याचे उत्तर देत नाही. शस्त्रक्रियेने रूप बदलल्याचा खुलासा पुढे निघालेल्या एका चित्रकथेत करण्यात आला. म्हणजे संहितेची फट संहितेबाहेरून बुजवावी लागली. नाव हवे, पण नावाचा इतिहास नको, अशी ही वृत्ती आहे. १९६७ मधील भारतीयत्व कल्पित होते. २०१३ मध्ये ती कल्पनाही उरली नाही.

पूर्वकथेची स्मृती वापरण्याचा दुसरा मार्ग असतो काय? भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा येथे सहज आठव होतो. तेही एका सर्वज्ञात कथेचे उत्तरकथन आहे आणि तेही मूळ कथेचा शेवट बदलते. पहिल्या अंकात राम-सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. प्रेक्षकांना ठाऊक असलेला भूतकाळ तेथे पात्रांचा अनुभव बनतो, आणि तो कार्यप्रवणही होतो : चित्रे पाहून सीतेला पुन्हा वन पाहण्याची ओढ लागते आणि तीच ओढ तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. स्मृती उसनी न राहता कथेच्या कार्यकारणात गुंफली जाते. ‘इंटू डार्कनेस’मधील स्मृती प्रेक्षकांच्या मनात चाळविली जाते, पात्रांच्या मनात उतरत नाही.

५

जगभरात सुमारे ४६ कोटी ७० लाख डॉलर मिळवून हा चित्रपट या मालेतील सर्वाधिक उत्पन्नाचा ठरला. त्याच वर्षी लास वेगास येथील चाहत्यांच्या संमेलनात झालेल्या मतचाचणीत मात्र त्याला तळाचे स्थान मिळाले. या विसंगतीचा उलगडा एकनिष्ठ चाहत्यांच्या हळवेपणात शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे पाहिले म्हणजे दुखावण्याचे अधिक सबळ कारण हाती लागते.

ज्या प्रश्नावर पूर्वार्ध उभा आहे तो खटल्याचा प्रश्न आहे. आरोपीला ठार न करता न्यायासनापुढे उभे करावयाचे, यासाठी कर्कने वरिष्ठांची आज्ञा मोडली. शेवटी काय होते? ॲडमिरल मार्कस खानच्या हातून मारला जातो, आणि संस्थेने काढलेल्या बेकायदा आज्ञेचा प्रश्न एका व्यक्तीच्या मृत्यूबरोबर मिटविला जातो. खान पकडला जातो आणि त्याला पुन्हा शीतनिद्रेत टाकले जाते. त्याच्यासह ७२ सहकारीही तसेच बंदिस्त राहतात, जे या कथेत एकदाही जागे झालेले नाहीत आणि ज्यांनी येथे कोणाचे काही वाईट केलेले नाही. सुनावणी नाही, आरोपपत्र नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. ज्यांना खटल्याविना मारणे अनैतिक होते, त्यांना खटल्याविना अनिश्चित काळ कोंडून ठेवणे या चित्रपटाला सुखान्त वाटते. आपल्यावर वार करणाऱ्यांना रोखताना त्यांच्यातील दुष्टपणा आपल्यातही जागा होऊ शकतो, अशा आशयाचे भाषण कर्क करतो आणि लगेचच ती कुलूपबंद कोठी पडद्यावर दिसते. या दोहोंतील विसंगती संहितेच्या ध्यानीही येत नाही.

येथे १९६७ ची ती साधी सुनावणी आठवते. थोड्या खर्चात, पन्नास मिनिटांच्या दूरचित्रवाणी भागात कर्कने खानला समोर उभे केले होते, त्याचे म्हणणे ऐकले होते आणि त्याला निवड दिली होती. ती निवड पुढे चुकीची ठरली आणि त्या चुकीतूनच १९८२ ची शोकांतिका जन्मली. पण चुकण्यासाठीही माणसाला समोरच्याशी माणूस म्हणून वागावे लागते. ‘इंटू डार्कनेस’ने जुन्या मालेतून मृत्यूचा प्रसंग उसना घेतला, जो त्याला पेलणारा नव्हता. त्याच्या स्वतःच्या प्रश्नाला ज्याची गरज होती तो सुनावणीचा प्रसंग तेथेच पडून राहिला. पुनरारंभाच्या उत्तरभागाने जुन्या कथेकडे परतू नये, असा याचा अर्थ नव्हे. परतताना कोणती आठवण गाजलेली आहे यापेक्षा कोणती आठवण आपल्या प्रश्नाला उत्तर देणारी आहे, हे पाहावयास हवे. या चित्रपटाने पहिली निवडली. त्यामुळे त्याने मांडलेला प्रश्न त्याच्याच कोठीत, त्या ७२ निद्रितांच्या शेजारी, गोठून राहिला आहे.